मॉडेल रॉकेटच्या मोटरचा हुक तुटला, स्टँडही करायचाय : मदत हवी

तलावपाळी · ३ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे. पण इथे पितळी घंगाळाच्या कल्हईपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळ्याची उत्तरं मिळतात, म्हणून विचारते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दादाकडे अमेरिकेत गेलो होतो. त्याने भाच्यासाठी (माझा मुलगा, आठवीत आहे) मॉडेल रॉकेटचा संच आणून ठेवला होता. पुठ्ठ्याची नळी ४२ मिमी जाड, उंची ६१ सेमी, चार पंख, आणि बुडाशी १८ मिमीची मोटर बसवायची सोय. मामा-भाच्यांनी ते चिकटवलं, रंगवलं आणि तिथल्या एका मैदानात पाच वेळा उडवलं. पाचही वेळा पॅराशूट उघडलं. मोटरी तिकडेच राहिल्या, रॉकेट माझ्या साड्यांत गुंडाळून ठाण्याला आलं.

गणपतीत चिरंजीवांच्या हट्टापायी मखराशेजारी टीपॉयवर ते पंखांवर उभं केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंखा पाचवर, खाली गल्लीत ढोल. आरती संपली, सगळ्यांनी हात जोडून गिरकी घेतली आणि रॉकेटने थेट लोटांगण घातलं. एक पंख मोडला. मोटर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी (दादा तिला हुक म्हणतो) तुटली. मोटरची आतली नळीही, तिला मधोमध धरणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकत्यांसकट, सुटून हातात आली. पंख आम्ही चिकटवला. उरलेले प्रश्न दोन :

हुक इथे कशाचा करता येईल? आणि रॉकेट उभं कशावर ठेवायचं, म्हणजे पुढच्या गणपतीत पुन्हा तमाशा होणार नाही?

---

ऐरोलीचा_फ्लेमिंगो · ३ जानेवारी, रात्री १०:३१

ताई, इथे उडवायचं नाहीये ना? मग हुक हवाय कशाला? फेविक्विक मारा आणि विषय संपवा. स्टँडला पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं झाकण. हलके घ्या.

---

तलावपाळी · ३ जानेवारी, रात्री १०:४०

हेच आमचे 'हे' म्हणाले. चिरंजीव दोन तास बोलले नाहीत. त्याचं म्हणणं, पुढच्या वेळी मामाकडे जाताना रॉकेट परत न्यायचंय. तेव्हा ते उडण्याजोगंच हवं.

---

खारघर_टेकडी · ४ जानेवारी, सकाळी ७:०५

मुलाचं बरोबर आहे. आणि हुक काय करतो हे कळलं, की स्टँडचाही प्रश्न निम्मा सुटतो. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

या मोटरी म्हणजे जाड कागदी नळी. खालच्या तोंडाला चिकणमातीचं नोझल, आत दाबून भरलेली काळी दारू. १८ मिमी जाड, ७० मिमी लांब. तुम्ही बहुधा 'सी६-५' किंवा तसंच काही लिहिलेली वापरली असेल. 'सी' म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या टप्प्यातला, ६ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, ५ म्हणजे जळण संपल्यावर किती सेकंद थांबायचं. ते पाच सेकंद रॉकेट नुसतं वर सरकत राहतं. मग मोटरच्या पुढच्या टोकाला ठेवलेली थोडी दारू उडते आणि नाकाची टोपी व पॅराशूट बाहेर ढकलते.

गोम इथे आहे. ती दारू टोपीला जेवढं पुढे ढकलते तेवढंच मोटरला मागे ढकलते. मोटर कोणी धरली नसेल तर हलकी वाट सापडल्यासारखी मोटरच मागून निघून जाते, सगळा दाब वाया जातो, पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट नाकावर खाली येतं. वर एक गरम नळी वेगळीच कुठेतरी पडते. म्हणून मागे हुक.

उडतानाचा रेटा हुकावर येत नाही (किंवा येऊ नये). तो घेते आत पुढे चिकटवलेली पुठ्ठ्याची कडी, थ्रस्ट रिंग. 'सी६'चा रेटा सुरुवातीला क्षणभर १४ न्यूटनच्या आसपास जातो, म्हणजे साधारण दीड किलोचं वजन. तो कडीने पेलायचा. हुकाचं काम त्यानंतरचं.

हुकाशिवायही चालतं. मोटरवर कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन ती घट्ट बसवायची. पण 'घट्ट' म्हणजे किती, हे दर वेळी नव्याने ठरतं. दमट हवेत कागद फुगतो, मग जळकी मोटर पकडीने ओढत बसा. मोठ्या मोटरींना आट्यांची ॲल्युमिनियमची टोपी मिळते, ती १८ मिमीला उगाच जड.

तुमच्या हुकाचा तुटलेला तुकडा आहे का? गंज होता का त्याच्यावर?

---

तलावपाळी · ४ जानेवारी, सकाळी ९:२०

वा! आता कळलं. तुकडा आहे. मागचं टोक अख्खं तपकिरी झालंय आणि तिथेच तुटलंय. मला वाटलं आपली पावसाळी हवा.

---

खारघर_टेकडी · ४ जानेवारी, सकाळी ९:३४

हवा अर्धी गुन्हेगार. काळी दारू जळल्यावर जी राख मागे राहते ती हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. जुन्या ठासणीच्या बंदुका लोक त्याच दिवशी पाण्याने धुऊन तेल लावून ठेवत, ते याच कारणाने. उडवून झालं की हुक ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. तुमचं रॉकेट राखेसकट बॅगेत बसून जूनमध्ये ठाण्यात उतरलं. त्याला कोण वाचवणार?

---

निवृत्त_टर्नर · ४ जानेवारी, दुपारी १:१५

मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला ३१ वर्षं काढली. रॉकेटातलं मला काही कळत नाही, पण ही पट्टी म्हणजे साधी स्प्रिंग आहे. तुमच्या जुन्या तुकड्यावरून मापं घ्या. दोन घड्यांच्या आतलं अंतर मोटरच्या लांबीपेक्षा एखादा मिमी जास्त, म्हणजे ७१. पुढचं नाक ३-४ मिमी, नळीला चीर पाडून आत जाईल एवढं. मागचं नाक ४ मिमी. त्यापुढे बोटाने उचलायला बाहेर वळवलेली शेपटी ८-१० मिमी.

माल : हॅक्सॉ ब्लेड. स्वस्तातलं कार्बन स्टीलचं घ्या, महागातलं हायस्पीडवालं नको, ते घरच्या आचेला दाद देत नाही. पण तसंच वाकवू नका, टणकन तुटेल.

---

तलावपाळी · ४ जानेवारी, रात्री ९:५०

काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचायच्या आधीच बाबांनी पकडीत धरून वाकवलं. टणकन तुटलं. तुकडा फ्रिजखाली गेलाय.

---

निवृत्त_टर्नर · ५ जानेवारी, सकाळी ६:४०

डोळ्यात नाही गेला हे नशीब. चष्मा लावल्याशिवाय ब्लेडला हात लावायचा नाही, बाबांना सांगा.

आता नीट ऐका. जिथे घडी घालायची तेवढंच टोक गॅसवर लाल करा आणि राखेत खुपसून हळू थंड होऊ द्या. मग तेवढा भाग नरम होतो, वाकतो. मधला भाग मात्र ठिसूळ आहे, त्याचं पाणी उतरवायला पाहिजे. पोलिश पेपरने पट्टी चकचकीत करा आणि लोखंडी तव्यावर ठेवा. मंद आच. रंग बदलताना दिसेल : आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की लगेच उचला. तो झाला स्प्रिंगचा रंग, तीनशे डिग्रीच्या आसपास. पिवळ्यावर थांबलात तर तुटेल, निळ्याच्या पुढे राखाडी होऊ दिलात तर मऊ पडेल. आमच्या फोरमनना थर्मामीटर लागत नसे, ते खिडकीच्या उजेडात नुसता रंग बघत.

---

ऐरोलीचा_फ्लेमिंगो · ५ जानेवारी, सकाळी ८:०२

भाकरीच्या तव्यावर पोलादाची स्प्रिंग! वाचनखूण साठवली आहे. सासूबाईंची परवानगी वेगळी घ्यावी लागेल का?

---

बारावी_ब · ५ जानेवारी, दुपारी ४:२६

मी पण रॉकेट बनवतोय, कळव्याला राहतो. हुक वगैरे ठीक आहे पण मोटर इथे मिळतच नाही. दिवाळीच्या रॉकेटमधली दारू काढून कागदी नळीत ठासून भरली तर चालेल का? नोझलला एम-सील. कुणी केलंय का?

---

निवृत्त_टर्नर · ५ जानेवारी, दुपारी ४:५१

नाही. अजिबात नाही.

आमच्या चाळीत एका मुलाने हेच केलं होतं. ठासताना भडका उडाला. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आजही डाव्या हाताने सही करतो. पुन्हा विचारू नकोस बाळा.

---

खारघर_टेकडी · ५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

काकांना +१. बारावी_ब, तुला गप्प करायचं म्हणून नाही, पण हा छंद जन्मलाच मुळी तू विचारतोयस त्या प्रश्नातून. स्पुटनिकच्या सुमारास अमेरिकेतली पोरं तळघरात नळ्या ठासत होती आणि हात-डोळे गमावत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपलांचा दुकानदार होता, शोभेच्या दारूचा शौकीन. भाऊ रॉबर्ट विमानांच्या मॉडेलवाला. दोघांनी १९५४ मध्ये कागदी रॉकेट आणि बदलता येणारी तयार मोटर अशी जोडी केली. १९५७ च्या सुरुवातीला ऑर्व्हिलने नमुने जी. हॅरी स्टाइनला पाठवले. स्टाइन क्षेपणास्त्रांच्या चाचणीतळावर काम करणारा माणूस. त्याने ओळखलं, की मुलांच्या हातात दारू न देता रॉकेट देता येतं. पुढे व्हर्न एस्टिसने मोटरी भरायचं यंत्र केलं, त्याचं नाव मेबल. माणसाने हाताने ठासायचं बंद झालं, यंत्र ठासू लागलं. सगळी गंमत त्यात आहे.

आपल्याकडे काळी दारू बाळगणं, भरणं, कुरिअरने मागवणं हे सगळं १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि २००८ च्या नियमांखाली येतं. परवाने देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय नागपूरला. बारावीच्या मुलाला ते जमणारं नाही. वर आपल्या डोक्यावर एक मुंबईचा विमानतळ, आणि आता उलव्याचाही सुरू झालाय. तुला खरंच काही उडवायचं असेल तर पाण्याचं रॉकेट कर. दोन लिटरची बाटली, सायकलचा पंप, मोकळं मैदान. पंख, नाक, गुरुत्वमध्य सगळं तेच शिकता येतं. वेगळा धागा काढ, मी येतो तिथे.

अवांतर : मोटर बांधून ठेवायचा प्रश्न जुना आहे. टिपूच्या सैन्यातले बाण म्हणजे लोखंडी नळी, ती बांबूला किंवा तलवारीच्या पात्याला चामड्याच्या वादीने आवळलेली. ती वादी म्हणजे आपल्या हुकाची पणजीच.

---

बारावी_ब · ५ जानेवारी, संध्याकाळी ७:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

बारावी_ब · ५ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

ओके. पाण्याच्या रॉकेटचा धागा काढतो. काका सॉरी.

---

व्यवस्थापक · ५ जानेवारी, रात्री ८:००

दारू भरण्याविषयीचे इतर तीन उपप्रतिसाद उडवले आहेत. धागा हुक आणि स्टँडवर राहू द्या.

---

तलावपाळी · ७ जानेवारी, रात्री १०:०५

तव्याचा प्रयोग झाला. निळा रंग खरंच येतो! मोराच्या पिसासारखा सरकत येतो, आम्ही तिघं वाकून बघत होतो. सासूबाईंनी तवा आता कायमचा 'तुमचा' म्हणून बाजूला ठेवलाय.

पण काका, पट्टी साडेबारा मिमी रुंद आहे आणि मला चारच हवी. उभी चिरायची कशी?

---

निवृत्त_टर्नर · ८ जानेवारी, सकाळी ६:३५

हे मी विसरलोच. आमच्याकडे ग्राइंडर होते, दहा मिनिटांचं काम. घरी कानशीने घासत बसलात तर संक्रांत उलटून जाईल. चूक माझी.

---

खारघर_टेकडी · ८ जानेवारी, सकाळी ७:२०

मग आता माझा माल सांगतो, इतके दिवस काकांचा मान राखून गप्प होतो.

गाडीचा जुना वायपर. रबराच्या दोन्ही बाजूंना खाचेत स्टेनलेसच्या दोन लांब बारीक पट्ट्या असतात, वायपरला काचेवर दाबून धरायला. रुंदी आपल्याला हवी तेवढी, चिरायचं काम नाही, गंजाची फिकीर कमी. ठाण्यात जूनमध्ये प्रत्येक जण वायपर बदलतो आणि जुने कचऱ्यात जातात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारा, हसत हसत पाच देईल. चपट्या नव्या धर्तीच्या वायपरमधली पट्टी रुंद असते, ती नको. जुना, सांगाड्याचा वायपर बघा.

एकच अडचण. ही पट्टी संचातल्या हुकापेक्षा जाड निघते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. शेपटी उचलताना नख उलटेल. उपाय लांबीत आहे, कारण मोकळी लांबी वाढवली की ताठपणा तिच्या घनाने उतरतो. संचात हुकाच्या मध्यावर कागदी पट्टा असतो, म्हणजे मागे ३५ मिमी मोकळे. तुम्ही पट्टा पुढे सरकवून ५० मिमी मोकळे सोडा. ताठपणा जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. पट्टा म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचे दहाबारा वेढे आणि वर फेविकॉल. त्याच्या मागे गोंदाचा एक टिपूसही हुकाखाली जाता कामा नये, नाहीतर स्प्रिंग चिकटून बसली.

मागच्या चकतीला हुक उचलायला खाच ठेवा. आणि नळी परत चिकटवताना हुक दोन पंखांच्या मधोमध येऊ द्या. पंखाच्या रेषेत आला तर बोट जाणार नाही.

---

निवृत्त_टर्नर · ८ जानेवारी, सकाळी ११:००

वायपर हे झकास. टोकं गॅसवर लाल करून गरम असतानाच पकडीने वाकवा. टोक जरा नरम पडलं तरी चालतं, स्प्रिंगचं काम मधल्या भागाचं. मधला भाग तापू देऊ नका, तिथे ओला चिंधा गुंडाळा. आणि घडी एकदम काटकोनात चेपू नका, आत थोडी गोलाई राहू द्या. चिरा तिथूनच सुरू होतात.

---

एकास_शंभर · ९ जानेवारी, दुपारी १२:४५

स्टँडवर कुणीच बोलत नाहीये म्हणून मी येते. कोपरखैरण्यात बिल्डर लोकांसाठी इमारतींची मॉडेलं करते, १४ वर्षं झाली.

पहिली गोष्ट, पंखांवर उभं करायचं नाही. पडलं नाही तरी नाही. सगळं वजन पंखांच्या टोकांवर येतं आणि आपल्या पावसाळ्यात पातळ लाकूड दोन महिन्यांत वाकतं. रंगाचाही प्रश्न. ताजा रंग आणि दमट हवा म्हणजे जिथे टेकवाल तिथे चिकटणार. माझ्या एका मॉडेलचा अख्खा टॉवर मखमलीच्या तुकड्यासकट उचलला गेला होता, क्लायंटसमोर. म्हणून ॲक्रिलिकच्या दोन कमानींवर आडवं ठेवायचं म्हटलं तरी टेकायची जागा रंगाची असते, ते मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, बूड जड हवं. लोक सनबोर्डचं (हलक्या फोमच्या फळ्याचं) करतात, दिसतं छान, फुंकर मारली की पडतं. ओट्याचं काम चालू असेल तिथून कडप्प्याचा तुकडा आणा. १५ बाय १५. कडा घासून मिळतात.

---

खारघर_टेकडी · ९ जानेवारी, दुपारी २:१०

एकास_शंभर, मस्त. मी त्याचं गणित मांडून बघितलं.

रॉकेट रिकामं सत्तर ग्रॅम धरू, त्याचा गुरुत्वमध्य टेबलापासून ४० सेमीवर. खाली १५ सेमीचं चौकोनी बूड.

५ मिमी सनबोर्ड, वजन साधारण ५५ ग्रॅम : १८ अंश कललं की पडलं.
१२ मिमी एमडीएफ, २०० ग्रॅम : ३५ अंश.
२ सेमी कडप्पा, सव्वा किलोच्या जवळपास : ६७ अंश.

म्हणजे कडप्प्यावरचं रॉकेट ढोलाने काय, मांजरीनेही पडणार नाही. माझ्याकडे भारताच्या एसएलव्ही-३ रॉकेटचं १:२४ मापाचं मॉडेल आहे, तेच जे १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह घेऊन गेलं. खरं २२ मीटर उंच, माझं ९२ सेमी. मी त्याला एमडीएफवर उभं केलं होतं. आता ते कपाटाच्या वर आडवं असतं, का ते विचारू नका.

आणि धरायचं कुठे? मोटरच्या नळीत. रॉकेटची सगळ्यात मजबूत, सगळ्यात सरळ आणि न रंगवलेली जागा तीच. तिथे मोटरऐवजी स्टँडचा दांडा जाऊ दे. हुक तर आहेच, तो दांड्यालाच अडकेल. हुक दाबून उचला, रॉकेट सुटलं.

---

ऐरोलीचा_फ्लेमिंगो · ९ जानेवारी, दुपारी ३:००

हे डोक्याचं काम झालं. मग मीही एक देतो. मोटर १८ बाय ७० ना? लॅपटॉपच्या बॅटरीतला १८६५० सेल १८ बाय ६५. तो दांड्याच्या टोकाला लावा, आयती नकली मोटर.

---

खारघर_टेकडी · ९ जानेवारी, दुपारी ३:०८

नको रे बाबा. माप जवळ येतं म्हणूनच भीती वाटते. सेलच्या धन टोपीभोवतीचा काठ हा ऋण असतो, मध्ये जेमतेम एक चकती. हुकाचं स्टीलचं नाक बरोबर तिथे टेकणार. वरचं प्लास्टिक घासलं गेलं की शॉर्ट. कागदाच्या रॉकेटात लिथियमचा सेल, मखराशेजारी, समईच्या उजेडात. तुझा प्रतिसाद मनोरंजन विभागात हलवा अशी विनंती.

आणि ताई, दादाकडून जळकी मोटरही नकली म्हणून मागवू नका. राख पुन्हा पाणी ओढणार. शिवाय विमानतळावर बॅगेच्या तपासणीत दारूचा अंश लागला तर खुलासे करत बसाल.

---

निवृत्त_टर्नर · ९ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

नकली मोटर वेगळी कशाला? ॲल्युमिनियमचा गोल दांडा घ्या. वरच्या ७० मिमीवर खाकी कागद फेविकॉल लावून गुंडाळत जा, १८ मिमी होईपर्यंत. वाळल्यावर पोलिश पेपर. दांडा आणि मोटर एकच झाले.

पण दांडा दहाचा घ्या, बाराचा नको. कागद १८ चा, दांडा १२ चा, तर खाली पायरी फक्त ३ मिमीची उरते. हुकाचं मागचं नाक ४ मिमीचं, ते दांड्याला अडेल आणि बसणारच नाही. दहाच्या दांड्याला पायरी बरोबर ४.

कडप्प्याला भोक मारताना हॅमर मोड बंद, पाणी टाकत टाकत, खाली लाकूड. नाहीतर शेवटच्या मिलिमीटरला खालून ढलपा उडतो. दांडा ॲरल्डाइटने बसवा आणि २४ तास हात लावू नका. गुण्या (काटकोन) लावून बघा सरळ आहे का, नजरेवर जाऊ नका.

---

एकास_शंभर · ९ जानेवारी, रात्री ९:१५

काकांनी पायरीचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. माझ्याकडून एवढंच : दांडा कडप्प्याच्या वर किमान १० सेमी दिसू द्या. पंखांची टोकं हवेत राहिली की रॉकेट निघाल्यासारखं वाटतं. आणि कडप्प्याखाली फेल्ट लावा, टीपॉय कुणाचा आहे ते आठवून.

---

तलावपाळी · २५ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. झालं!

वायपर गॅरेजवाल्याने सहा दिले. पहिल्या दोन पट्ट्या वाया गेल्या, पहिली घडी चेपल्यामुळे (काका, सॉरी), दुसरी मुलाने माप उलटं धरल्यामुळे. तिसरी बसली. आधी दोऱ्याचा पट्टा मध्यावरच बांधला होता. खारघरकरांचं खरं, शेपटी हलेना. सोडून पुढे बांधला, ५० मिमी मोकळे ठेवून. आता अंगठ्याने सहज उचलली जाते आणि सोडली की टक् आवाज येतो. तो आवाज ऐकायला घरातला प्रत्येक जण दिवसातून दोनदा उचलून बघतो, सासूबाई धरून.

दांडा जांभळी नाक्याकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाला, दहाचाच. कागद गुंडाळायला तीन संध्याकाळी गेल्या. एका वेळी जास्त गुंडाळला की आतून ओला राहतो आणि सरकतो. कडप्प्याला भोक बाबांनी मारलं, चष्मा लावून. ढलपा उडाला, पण खालच्या बाजूला, फेल्टखाली गेला.

पंखा पाचवर लावून बघितला. ढम्म हलत नाही. फोटो जोडलाय.

---

ऐरोलीचा_फ्लेमिंगो · २५ जानेवारी, रात्री ९:४४

कडक! पण कडप्पा बघून भूक लागली, पाटावरवंट्याची आठवण झाली.

---

निवृत्त_टर्नर · २६ जानेवारी, सकाळी ६:३०

काम स्वच्छ आहे. बाबांना सांगा, दांडा सरळ आहे, फोटोवर पट्टी लावून बघितला. फक्त एक. फोटो मोठा करून पाहिला तर हुकाची शेपटी पंखाच्या अगदी मागे दिसते. माझा भास आहे का?

---

खारघर_टेकडी · २६ जानेवारी, सकाळी ७:५०

मलाही तसंच दिसतंय. ताई?

---

तलावपाळी · २६ जानेवारी, सकाळी १०:१०

भास नाही. नळी चिकटवताना गोंद पटकन धरायला लागला आणि मी फिरवायची विसरले. बरोबर पंखाच्या रेषेत आहे. मुलाची करंगळी जाते, माझी नाही. मी लिंबू सरबताच्या लांब चमच्याचा दांडा वापरते. तो आता स्टँडला दोऱ्याने बांधून ठेवलाय.